मांस आणि भाज्या एकाच शिगेवर नकोत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मेजवानीच्या आरंभी द्यायच्या पदार्थांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून जे लेखन येते, त्यात मसालेदार शिगांची पाककृती हमखास असते आणि तिच्यासोबतचे छायाचित्रही जवळजवळ ठरलेलेच असते. मांसाचा तुकडा, त्याला लागून ढोबळी मिरची, मग कांद्याची पाकळी, टोमॅटो आणि पुन्हा मांस. हे चित्र देखणे असते याबद्दल वाद नाही. परंतु त्याबरहुकूम जो कोणी शीग ओवतो, त्याच्या पाहुण्यांना कोरडे पडलेले मांस आणि अर्धवट शिजलेल्या भाज्या खाव्या लागतात, आणि मग करणाऱ्याला वाटते की आपल्याच हाताला चव नाही. दोष त्याचा नसतो, पाककृतीचा असतो. माझे म्हणणे असे की मांस आणि भाज्या वेगवेगळ्या शिगांवर ओवाव्यात, आणि पाककृती छापणाऱ्यांनी केवळ मिनिटे न सांगता तुकड्याचा आकार आणि तुकडा आतून किती तापला पाहिजे हेही छापावे. आपल्या वृत्तपत्राने ही पद्धत सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यामागील कारण साधे आहे, पण ते पाककृतीत सहसा सांगितले जात नाही. मांस तापू लागले की साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातील मायोसिन नावाचे प्रथिन गोठू लागते, कच्च्या मांसाचा बुळबुळीतपणा जातो आणि ते दाताखाली स्वच्छ तुटू लागते. ६५ ते ७० अंशांच्या पुढे मात्र ॲक्टिन हे दुसरे प्रथिन आवळते, स्नायूंचे तंतू आकसतात आणि त्यांनी धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते. म्हणजे मांसाचा छोटा तुकडा शिजलेलाही असेल आणि रसाळही असेल, अशी स्थिती अवघ्या काही अंशांच्या अंतरात सापडते. भाजीचा हिशेब निराळा आहे. तिचा कडकपणा पेशीभित्तिकांना सांधणाऱ्या पेक्टिनमुळे असतो, आणि आतपर्यंत ८५ अंशांच्या आसपास उष्णता पोहोचल्याखेरीज हे पेक्टिन नीट सुटत नाही. मांस ज्या वेळी निखाऱ्यांवरून उतरवायला हवे, त्या वेळी शेजारची ढोबळी मिरची अजून कच्ची असते, आणि ती मऊ होईपर्यंत थांबावे तर मांसाचा चोथा होतो. कितीही कुशल माणूस शीग फिरवत बसला तरी हा पेच सुटत नाही, कारण एकाच शिगेवरच्या सगळ्या तुकड्यांना सारखाच वेळ आच मिळते.

यावर असे सांगितले जाते की भाज्यांचा रस मांसात उतरतो आणि मांसाची चव भाज्यांना लागते. यात थोडे तथ्य आहे, परंतु ते समजले जाते त्याहून फारच थोडे आहे. टोमॅटो आणि झुकिनी यांच्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि ते पाणी शेजारच्या मांसाच्या पृष्ठभागावर झिरपत राहिले की तो पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. मांसाला खरपूस तपकिरी रंग आणि भाजल्याचा गंध देणारी प्रक्रिया सुमारे १४० अंशांच्या पुढे वेगाने चालते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ओल्या पृष्ठभागावर ती घडत नाही, त्यामुळे रसाची देवाणघेवाण म्हणून ज्याचे कौतुक होते ते प्रत्यक्षात मांसाचे वाफवणे असते. अननसाचे तुकडे मांसाला चिकटवून ओवण्याची जी सूचना वारंवार छापली जाते, ती तर आणखी अडचणीची आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर असते, आणि आधीच ओवून ठेवलेल्या शिगा काही तास तशाच राहिल्या तर अननसाला टेकलेल्या बाजूचे मांस पिठूळ होते. (डबाबंद अननस टिकवण्यासाठी तापवलेला असतो, त्यामुळे त्यातील विकर निष्क्रिय झालेले असते.) मांसाच्या शिगेवर भाजी हवीच असेल, तर कांद्याची एखादी पातळ, सुटी पाकळी तेवढी चालते, कारण ती मांसाइतक्याच वेळात कडांना करपून मऊ होते आणि किंचित कच्ची राहिली तरी खाताना बोचत नाही.

वेगळ्या शिगा करायच्या ठरवल्या की पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात. मांसाचा कोणता भाग घ्यावा, हा त्यातला पहिला. जनावराच्या ज्या स्नायूंना कष्ट अधिक पडतात, त्यांच्यात कोलॅजन हे संयोजी प्रथिन भरपूर असते. ते विरघळून मऊ जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या वरची उष्णता तासन्‌तास लागते, म्हणून असे मांस मंद आचेवरच्या रश्शात उत्तम होते आणि निखाऱ्यांवर दहा-बारा मिनिटांत चामड्यासारखे राहते. शिगेसाठी पाठीचा, कमरेचा किंवा मांडीचा कोवळा भाग मागावा. कोंबडीच्या बाबतीत मी छातीपेक्षा मांडीच्या मांसाचा आग्रह धरीन. छातीचे मांस थोडे जास्त तापले तरी कोरडे पडते, तर मांडीत चरबी आणि संयोजी ऊती अधिक असल्याने ७५ ते ८० अंशांपर्यंतही ते रसाळ राहते, आणि पाहुण्यांशी बोलत शिगा भाजणाऱ्या यजमानाला ही सवड फार मोलाची असते. तुकडे दोन ते अडीच सेंटीमीटरचे, शक्यतो एकसारखे असावेत. मेजवानीत उभ्याने, एका हातात पेला धरून खायचा हा पदार्थ आहे, तेव्हा तुकडा एका घासाचा हवा आणि एका छोट्या शिगेवर तीन-चारच तुकडे असावेत. पाककृतीत ‘मध्यम आकाराचे तुकडे’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे, कारण तुकड्याची जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत शिजायला दुपटीहून कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि मग पाककृतीतल्या मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

मुरवण्याविषयी तर इतके गैरसमज छापले जातात की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘रात्रभर मुरवा म्हणजे मसाला आतपर्यंत जाईल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पाककृतीत असते. वस्तुस्थिती अशी की मसाल्यातील बहुतेक गंधद्रव्ये मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत, मग रात्रभर ठेवा की दोन रात्री. आतपर्यंत पोहोचते ते मीठ. ते हळूहळू तंतूंमध्ये शिरते, प्रथिनांना पाणी धरून ठेवायला मदत करते आणि भाजताना होणारी रसाची गळती कमी करते. म्हणून मसाल्याची यादी कितीही लांब असली तरी खरे महत्त्वाचे प्रमाण मिठाचे आहे. एक किलो मांसाला १० ते १५ ग्रॅम मीठ पुरेसे होते, आणि ते वजन करून घ्यावे. दोन-अडीच सेंटीमीटरच्या तुकड्यांसाठी दोन ते चार तास शीतकपाटात मुरवणे भरपूर झाले. मसाला पृष्ठभागावरच राहतो हे एकदा मान्य केले की छोट्या तुकड्यांचा फायदाही कळतो. तुकडा लहान, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि तितका प्रत्येक घासात मसाला जास्त.

आंबट पदार्थांचे प्रमाण हा दुसरा मुद्दा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हाताने घातल्याने मांस मऊ होते, हा समज अर्धा खरा आहे. तीव्र आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिने भाजण्याआधीच गोठतात आणि बाहेरचा थर रवाळ होतो, आत मात्र काही फरक पडत नाही. दह्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य असते, शिवाय घट्ट दही मसाला तुकड्याला धरून ठेवते, त्यामुळे बराच वेळ मुरवायचे असेल तर दहीच बरे. लिंबू भाजून झाल्यावर पिळावे, तेव्हा त्याचा वासही ताजा राहतो. कच्च्या पपईतील पेपेन, किवीतील ॲक्टिनिडिन आणि आल्यातील विकर ही प्रथिने खरोखरच तोडतात, परंतु त्यांना आवर घालावा लागतो. कच्च्या पपईचे वाटण किलोभर मांसाला चमचाभरच घ्यावे आणि तासाभराच्या आत मांस आचेवर चढवावे, नाहीतर बाहेरून लगदा आणि आतून चिवट, असा विचित्र तुकडा हाती येतो. मसाल्यांबाबत एवढेच सांगते की जिरे, धणे, मिरी, मिरची आणि हळद यांतील रंग-गंध देणारी बहुतेक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात, म्हणून मुरवणीत थोडे तेल असायलाच हवे. जिरे आणि धणे आधी कोरडे भाजून, ताजे कुटून घेतले तर निम्म्या प्रमाणातही उठून लागतात. तिखट, लसणाचे वाटण आणि बारीक दळलेले मसाले मोठ्या आचेवर करपून कडू होतात. त्यामुळे भाजण्यापूर्वी तुकड्यांवरचा जादा मसाला निपटून काढावा. मसाल्याचा जाड लेप म्हणजे उदारपणा नव्हे. मध, साखर किंवा फळांचा गोड पाक हवा असेल, तर तो शेवटच्या एक-दोन मिनिटांतच लावावा.

खिम्याच्या शिगा हा माझ्या मते या पदार्थाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत समाधान देणारा प्रकार आहे, आणि दुर्दैवाने त्याच्याच पाककृती सर्वांत अपुऱ्या छापल्या जातात. खिमा शिगेवरून गळून निखाऱ्यांत पडतो, ही तक्रार सार्वत्रिक आहे, आणि तिच्यावर अंडे, पाव किंवा पीठ घालण्याचा उपाय सुचवला जातो. वास्तविक मांसाकडे स्वतःचाच चिकटपणा असतो, तो बाहेर काढावा लागतो इतकेच. खिम्यात आधी फक्त मीठ घालून तो चार-पाच मिनिटे जोर लावून मळला, तर मिठामुळे मायोसिन सुटून बाहेर येते, खिमा तारा ओढल्यासारखा चिकट होतो आणि आचेवर हेच मायोसिन गोठून सगळे एकत्र धरून ठेवते. हे घडण्यासाठी खिमा थंडगार असला पाहिजे. हाताच्या उबेने चरबी वितळली की ती प्रथिनांच्या मध्ये तेलासारखी पसरते आणि चिकटपणा येत नाही. चरबीचे प्रमाण सुमारे वीस टक्के असावे. चरबी जवळजवळ नसलेल्या खिम्याच्या शिगा आरोग्याच्या हेतूने केल्या जातात, पण त्या कोरड्या आणि भुसभुशीत होतात. कांदा किसून घालायचा असेल, तर त्याला थोडे मीठ चोळून, कापडात बांधून, सगळे पाणी पिळून काढावे. या एका कामात आळस झाला तर बाकीची मेहनत वाया जाते. मळलेला खिमा निदान अर्धा तास शीतकपाटात ठेवावा, मग ओल्या हातांनी रुंद, चपट्या सळईवर पातळ आणि सारख्या जाडीचा थापावा. आचेवर ठेवल्यावर पहिली एक-दोन मिनिटे त्याला हात लावू नये, खालची बाजू पकडली की मगच शीग फिरवावी.

शिगेच्या आकाराचाही इथे संबंध येतो. गोल, गुळगुळीत सळईवर तुकडा स्वतःभोवती फिरतो, आपण सळई उलटली तरी त्याची एकच बाजू आचेकडे राहते आणि ती करपते. चपटी सळई किंवा एकमेकींना समांतर अशा दोन बारीक काड्या वापरल्या की हा त्रास संपतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात हे सर्वांना ठाऊक आहे, पण भिजवूनही उघडी टोके जळतातच. त्यांना ॲल्युमिनियमचे पान गुंडाळावे किंवा टोके आचेच्या बाहेर राहतील अशी जाळी मांडावी. तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवून ओवले तर त्यांच्या सांध्यातले मांस उशिरा शिजते, कोंबडीच्या बाबतीत ते धोक्याचेही असते, म्हणून मध्ये थोडी फट ठेवावी.

आता विस्तवाविषयी. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर अक्रोतिरी येथे जे उत्खनन झाले, त्यात शिगा टेकवण्यासाठी समोरासमोर खाचा असलेले आधार मिळाले आहेत. ते साडेतीन हजार वर्षांहून जुने आहेत, आणि त्यांच्या तळाशी निखाऱ्यांना हवा मिळावी म्हणून ओळीने भोके ठेवलेली दिसतात. ज्वाळेवर नव्हे, हवा मिळालेल्या निखाऱ्यांवर भाजायचे असते, हे त्या काळच्या लोकांना नेमके ठाऊक होते. आज मात्र कोळसे पेटून ज्वाळा दिसू लागल्या की शिगा मांडायची घाई होते. कोळशांवर करड्या राखेचा पातळ थर येईपर्यंत थांबावे. नंतर निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत, म्हणजे रंग आणायला एक जागा आणि आतून शिजू द्यायला दुसरी जागा मिळते. चरबी गळून भडका उडाला की शीग लगेच विरळ बाजूला सरकवावी. हा केवळ चवीचा प्रश्न नाही. चरबी निखाऱ्यांवर पडून उठणाऱ्या धुरात पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे असतात, ती मांसावर बसतात, आणि फार उच्च तापमानावर मांस काळेकुट्ट होईपर्यंत भाजल्यास हेटरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये या दोन्हींमुळे कर्करोग झाल्याचे आढळले आहे. शीग वारंवार उलटणे, करपलेला भाग काढून टाकणे आणि मांस आधी मुरवणे यांमुळे त्यांचे प्रमाण कमी राहते. ज्यांच्याकडे कोळसा नाही त्यांनी ओव्हनचा वरचा तापक पूर्ण तापवून, त्याच्यापासून आठ-दहा सेंटीमीटरवर शिगा ठेवल्या तरी उत्तम रंग येतो, किंवा जाड तळाचा तवाही चालतो. पण कोळशाची शेगडी घरात किंवा बंदिस्त गच्चीत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि पाऊस आला म्हणून शेगडी आत आणणाऱ्यांचा त्यात जीव जाऊ शकतो. शिगांच्या प्रत्येक पाककृतीखाली ही सूचना ठळक अक्षरांत छापली जावी, असे मला मनापासून वाटते.

भाज्यांना स्वतंत्र शीग मिळाली की त्यांच्याकडेही पाककृतीने नीट लक्ष द्यावे, कारण वेगवेगळ्या भाज्या एकाच शिगेवर ओवल्या तरी तोच प्रश्न लहान प्रमाणात पुन्हा उभा राहतो. माझा अनुभव असा की एका शिगेवर एकच भाजी, फार तर सारख्या वेळात शिजणाऱ्या दोन, एवढेच ठेवावे. ढोबळी मिरची आणि कांदा यांची जोडी जमते. मशरूमची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे मशरूम थोडे जास्त भाजले गेले तरी त्यांचा लगदा होत नाही, उलट पाणी उडून गेल्यावर त्यांची चव दाट होते. त्यांना तेल आणि मसाला आधी लावावा, मीठ मात्र आचेवरून उतरताना लावावे, नाहीतर भाजण्याआधीच पाणी सुटू लागते. बटाटा, गाजर, बीट आणि फ्लॉवर यांना आधी मिठाच्या पाण्यात जवळजवळ शिजवून, पूर्ण निथळून आणि कोरडे करून मगच ओवावे. निखाऱ्यांनी त्यांना फक्त रंग आणि धुराचा वास द्यायचा असतो. छोटे टोमॅटो अगदी शेवटी, साल तडकेपर्यंतच ठेवावेत, आणि ते खायला देण्यापूर्वी मिनिटभर थांबावे, कारण आतला रस उकळता असतो आणि तोंड हमखास भाजते. भाज्यांचा मसालाही मांसाहून हलका असावा. मांसाच्या उरलेल्या मुरवणीतच भाज्या घोळवण्याची सूचना मी वाचलेली आहे. ती कधीच पाळू नये. त्या मुरवणीत कच्च्या मांसाचा रस असतो, तिच्यातून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू पसरतात, आणि जे पाहुणे मांस खात नाहीत त्यांच्या पानात ती जाणे हा त्यांच्या विश्वासाचा भंग आहे. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे भांडे, वेगळा कुंचला, वेगळा चिमटा आणि जाळीचा वेगळा भाग राखावा. मिश्र शिगेवरचे मांस काढून भाजी तेवढी खा, असे पाहुण्याला सांगण्याची वेळ कोणत्याही यजमानावर येऊ नये, आणि शिगाच वेगळ्या असल्या की ती येत नाही.

आता मांस शिजले हे ओळखायचे कसे? ‘गुलाबीपणा जाईपर्यंत’ असे लिहिले जाते, पण रंग भरवशाचा नसतो. खिमा पुरेसा तापण्यापूर्वीच तपकिरी दिसू शकतो, आणि उलट पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही हाडाजवळ गुलाबी छटा राहू शकते. अमेरिकेच्या कृषी विभागाने घालून दिलेली तापमाने सोपी आहेत. कोंबडीसाठी ७४ अंश, खिम्यासाठी ७१ अंश, आणि शेळी-मेंढीच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती. टोकदार नळीचा साधा तापमापक तुकड्यात बाजूने, मध्यापर्यंत खुपसावा. धातूच्या सळईला तो टेकू देऊ नये, कारण मग मांसाऐवजी सळईचे तापमान कळते. हा तापमापक म्हणजे व्यावसायिकांचे खूळ आहे, असे अनेकांना वाटते. मला तो सुरीइतकाच गरजेचा वाटतो, आणि मांस कोरडे पडू नये म्हणूनही त्याचा तितकाच उपयोग होतो, कारण कच्चे राहील या भीतीनेच बहुतेक जण मांस जास्त भाजतात.

मेजवानीचे वेळापत्रक हा पाककृतीचाच भाग आहे, हेही छापले गेले पाहिजे. सगळ्या शिगा पाहुणे येण्यापूर्वी भाजून ठेवण्याचा मोह होतो, पण दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे काही मिनिटांतच निवतात आणि कडक होतात. मांस आदल्या दिवशी कापून ठेवावे, मसाला सकाळी लावावा, शिगा तासभर आधी ओवून झाकून शीतकपाटात ठेवाव्यात, आणि लोक जमू लागले की थोड्या थोड्या शिगा आचेवर चढवाव्यात. भाज्यांच्या शिगा आधी भाजाव्यात, कारण त्या कोमट असतानाही चांगल्या लागतात, आणि त्यांच्यामागून मांसाच्या शिगा थेट आचेवरून ताटात याव्यात. ज्या थाळीत कच्च्या शिगा आणल्या तीच थाळी भाजलेल्यांसाठी वापरली जाण्याची चूक अंगणातल्या गडबडीत फार सहज होते, म्हणून कच्च्याची थाळी रिकामी होताच आत पाठवून द्यावी. सोबतच्या चटणीत शेंगदाणे, तीळ, मोहरी किंवा दही असेल, तर तशी चिठ्ठी वाटीजवळ ठेवावी. लहान मुलांना तुकडे काडीवरून काढूनच द्यावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये. मेजवानीतील संभाषणे रंगतात तेव्हा हे दोन तास केव्हाच निघून जातात. म्हणून पाककृतीच्या शेवटी एक ओळ उरलेल्या शिगांसाठीही असावी. तुकडे काडीवरून काढून, उथळ भांड्यात पसरून, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी खाताना ७४ अंशांपर्यंत पुन्हा तापवावेत. आपल्या पुरवणीत यापुढे शिगांची पाककृती येईल तेव्हा तिच्यात तुकड्यांचा आकार सेंटीमीटरमध्ये, मीठ ग्रॅममध्ये आणि मांसाचे आतले तापमान अंशांमध्ये दिलेले असावे, आणि मांसाच्या व भाज्यांच्या शिगांची कृती स्वतंत्रपणे सांगितलेली असावी, एवढी विनंती आहे. जागेची अडचण असेल, तर मसाल्यांच्या यादीतील दोन-तीन नावे कमी केली तरी माझी काही तक्रार राहणार नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक